होडीत बसायचं का, बिरोबाला विचारा

सृष्टीने जेवताना मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि म्हणाली, "तात्या, ह्ये बगा."

म्हस्कूतात्यांनी बघितलं. मोबाईलमध्ये नुसतं पाणीच पाणी होतं आणि त्यातून एक होडी भटभट करत चालली होती. एक उघडं बेट आलं. मग दुसरं आलं, त्यावर काटकुळ्या गुलाबी पायांचे पक्षी माना खाली घालून उभे. तिसऱ्या बेटावर मात्र दगडी भिंतींची एक ठेंगणी घुमटी होती. खाली अक्षरं आली, 'उजनीची शांत बेटं, होडीची सहल, मच्छी थाळीसह.'

"वळखलं का?" सृष्टी म्हणाली. "आपल्या जुन्या गावाचा माळ हाय त्यो. ह्यो व्हिडिओ नकोशीआज्जीला पाठवला, तिनं लगीच वळखलं. ही आपल्या बिरोबाची जुनी घुमटी. मी पाच जणांचं बुकिंग केलंय. पुढच्या रविवारी जायाचं."

तात्यांच्या हातातला भाकरीचा तुकडा कोरड्यासात पडला आणि बुडाला.

सृष्टी ही तात्यांची नात. बारामतीला कॉलेजात शिकायची आणि सुट्टी लागली की निरवांगीला येऊन घरातल्या सगळ्यांना कामाला लावायची. तिचा बाप राम दुधाचा टँकर चालवायचा, आई विजयमाला घरालगतची पिठाची गिरणी चालवायची. दोघंही एका दमात "जाऊ की" म्हणाले. आता चार तासांच्या सहलीत, मच्छी थाळी मिळत असताना, घाबरण्यासारखं काय आहे असं कुणीही विचारेल. त्यातून म्हस्कूतात्या म्हणजे पाण्याचा वाघ. हे सगळ्या निरवांगीला पाठ होतं, कारण तात्यांनीच ते पाठ करून घेतलं होतं.

गोष्ट अशी. धरणात पहिल्यांदा पाणी अडवलं त्या पावसाळ्यात जुनं गाव उठलं. मेंढरं, घोडी, बाडबिस्तरा घेऊन सगळे वर आले आणि मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की देव मागेच राहिला. मेंढरं मोजून आणणारी माणसं देवाला विसरली, पण जत्रेत हा भाग कुणी सांगत नाही. सांगतात ते पुढचं. सतरा वर्षांचा म्हस्कू एकटा माघारी गेला, पुरात उडी टाकली, पोहत माळावर गेला, बिरोबाचा तांदळा, म्हणजे देव म्हणून पुजलेला गोल दगड, घुमटीतून उचलून डोक्यावर घेतला आणि पोहत परत आला. पुढे निरवांगीला जमीन मिळाली, तिथे देवाला नवं देऊळ झालं. दरवर्षी चैत्रातल्या जत्रेला ढोल थांबवून ही गोष्ट तात्यांच्या तोंडून ऐकतात, त्यांना फेटा बांधतात, आणि पहिला निवद देवाला दाखवला की दुसरं ताट तात्यांसमोर येतं. पहिल्या वर्षी गोष्टीतलं पाणी कमरेएवढं होतं. राम जन्मला तेव्हा ते गळ्याला लागलं. सृष्टीच्या बारशापर्यंत डोक्यावरून गेलं. गेल्या चार-पाच जत्रांपासून तर त्यात एक मगरही यायला लागली आहे.

खरं काय झालं ते एकट्या तात्यांना ठाऊक होतं. माळाला पाण्याने वेढा घातलेला बघूनच म्हस्कूची पाचावर धारण बसली होती. त्याला पोहता येत नव्हतं. आजही येत नाही. आंघोळीची बादलीसुद्धा ते अर्धीच भरून घेतात. तो गुडघाभर पाण्यात गेला, पायाखालची माती सरकली तसा बोंबलत बाहेर आला, आणि काठावर बसून तासभर रडला. रिकाम्या हाताने गेला असता तर बापाने काठीने फोडून काढलं असतं. तेवढ्यात त्याला रस्त्याकडेला एक दगड दिसला. धरणवाल्यांनी हद्दीला रोवायला आणलेल्यांपैकी, मोडला म्हणून टाकून दिलेला. अंगावर चुना, बुडाला खात्याचा आकडा कोरलेला. म्हस्कूने चुना घासून काढला, डोक्यावरून दोन ओंजळी पाणी ओतून घेतलं आणि दगड खांद्यावर मारून घरच्यांच्या तळावर आला. शेंदराखालचा देव कसा दिसतो हे बापाने कधी बघितलंच नव्हतं; त्याने त्या दगडाला लोटांगण घातलं. त्याच वेळी म्हस्कूने तोंड उघडायला हवं होतं. त्याने ते उघडलंही, पण आईने त्यात गुळाचा खडा घातला.

झालं. आकडा सिमेंटमध्ये गेला, वर शेंदूर चढला, आणि ज्या खात्याने गाव बुडवलं त्याच खात्याच्या दगडाला अख्खं घराणं सत्तेचाळीस वर्षं नारळ वाहत आलं. जुन्या घुमटीकडे पुन्हा कुणी फिरकलं नाही. देव तर तात्यांनी आणलाय, मग तिथे राहिलंय काय?

तिथे काय राहिलंय हे तात्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून त्यांनी त्याच रात्री सहलीला खोडे घालायला सुरुवात केली. आधी म्हणाले ऊन लई हाय. सृष्टी म्हणाली होडी सकाळी सातला सुटते. मग म्हणाले माशाचा वास सोसत नाही. हे ऐकून विजयमालेने नुसतं त्यांच्या ताटाकडे बघितलं, त्यात सुकट होती. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"मी शपथ घेतल्याली हाय," ते म्हणाले. "देव डोक्यावर घेऊन आलो त्याच दिवशी. पुन्हा म्हणून पाण्यात पाय घालायचा न्हाय."

"तात्या, होडीत बसल्यावर पाय पाण्यात कशाला जात्याल?" सृष्टी म्हणाली.

"आवो, आमी कवा कुठं गेलोय?" विजयमाला मधेच बोलली. "लगीन झाल्यावर ह्यांनी मला येकदा फिरवून आणली, सुप्याच्या अभयारण्यात. हरणं बघाया. हरणं समदी झोपल्याली. मी झाडं बघून आले. मला आता होडीत बसायचंय."

राम खाली मान घालून कांदा फोडत राहिला.

दुसऱ्या दिवशी नकोशीचा फोन आला. नकोशी म्हणजे तात्यांची थोरली बहीण, सुप्याला दिलेली. चौथीही मुलगीच झाली म्हणून बापाने वैतागून ठेवलेलं ते नाव. आता ती एकाहत्तर वर्षांची होती, आणि नको म्हणणारे सगळे तिच्या आधी गेले होते.

"म्हस्क्या, मी शनवारी येतीय," ती म्हणाली. "पाणी उतरलंय तवर घुमटी बगून घीऊ. लगीन व्हायच्या आधी मी रोज घागर घेऊन जायाची त्या देवाला. तू तर उचलून आणलास, पर जागा तर बघायची का न्हाय?"

"आक्का, तुजं गुडघं दुखत्यात."

"होडी काय मी गुडघ्यानं वलवणार हाय व्हय रं?"

चार दिवस तात्यांनी नवं निमित्त शोधलं, ते सापडेना. मग त्यांनी शेवटचा डाव काढला. शनिवारी दुपारी सगळे जमले असताना ते खाकरून म्हणाले, "एवढी माणसं पाण्यावर न्यायची म्हंजी देवाला इचाराय पायजे. कौल लावू. देव व्हय म्हणला तर जाऊ, न्हाय म्हणला तर कुणी नाव काढायचं न्हाय."

याला कुणालाच नको म्हणता येईना. त्या घराण्यात म्हैस घ्यायची तरी कौल लावत. रीत साधी आहे. तांदळा धुऊन ओला करायचा, त्यावर उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशी दोन फुलं चिकटवायची, आणि देवाला प्रश्न घालून गप बसायचं. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. फुलं लावायचा मान तात्यांचाच.

म्हणजे बघा, धरणाच्या हद्दीच्या दगडाला हा गृहस्थ विचारणार होता, की तू खरा देव नाहीस हे लोकांना कळू देऊ का. आणि तेवढ्याने भागलं नाही. दगड फितूर होईल अशी भीती वाटली म्हणून तात्यांनी सगळ्यांच्या आधी देवळात जाऊन तयारी केली. डावं फूल त्यांनी पाण्याच्या एका थेंबावर टेकवलं, नुसत्या श्वासाने पडावं असं. उजव्या फुलाला मागून चांगला बोटभर पातळ गूळ लावला आणि अंगठ्याने दाबून बसवलं. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कौल लागत आले, पण ही अक्कल आजवर कुणाला सुचली नव्हती.

सगळे येऊन बसले. तात्यांनी डोळे मिटून प्रश्न घातला.  नकोशी भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती आणि फुलांवरची नजर काढत नव्हती.

दहा मिनिटं गेली. डावं फूल जागचं हललं नाही. दारातून येणाऱ्या दुपारच्या उन्हाने तापलेल्या दगडावर तो पाण्याचा थेंब केव्हाच सुकला होता आणि पाकळी शेंदराला घट्ट बसली होती. तात्या हळूच फुंकर मारायला वाकले, तशी नकोशी म्हणाली, "म्हस्क्या, मागं सरक. तुजी सावली पडतीय देवावर."

वीस मिनिटांनी पहिली मुंगी आली. तिच्या मागून दुसरी. मग दगडाच्या बुडातून रांगच लागली, आणि रांग उजव्या फुलाखाली शिरली.  बघता बघता फूल थरथरलं, जरा वर उचललं गेलं, आणि टपकन खाली आलं.

"उजवा!" विजयमाला ओरडली. "व्हय म्हणला देव!"

"मुंग्यांनी पाडलं त्ये," तात्या म्हणाले.

"मुंग्या कुणी धाडल्या?" राम म्हणाला. त्याने भंडारा उधळला, आणि सृष्टीने संदेश नावाच्या होडीवाल्याला फोन लावून उद्याचं नक्की करून टाकलं.

रविवारी सकाळी जीप भिगवणच्या अलीकडे पाण्याकडे वळली तेव्हा तात्या मागच्या सीटवर मूग गिळून बसले होते. उन्हाळ्याने पाणी लांबवर मागे हटलं होतं आणि तडकलेल्या गाळातून पायवाट होडीपर्यंत गेली होती. संदेश तिशीच्या आतबाहेरचा, काटक, आणि नियमाला भलताच कडक. त्याने नारिंगी जॅकेट मोजून गाळावर मांडली.

"सहा जॅकेट, सहा जीव," तो म्हणाला. "तुमी पाच, मी येक. सातवं पाखरूबी मी होडीत घेत न्हाय. आन् तिसऱ्या बेटाला चपला होडीतच काढायच्या. तितं देव हाय."

"हाय न्हाय, होता," राम हसला. "आमच्या तात्यांनी कवाच आणला. डोक्यावर घेऊन, पोहत."

"न्हाय वो, हाय की," संदेश म्हणाला. "आमी जाळं टाकायच्या आधी नारळ फोडतो त्याच्या म्होरं. शेंदूर न्हाय, काय न्हाय. आठ म्हयनं पाण्यात आसतो, उन्हाळ्यात वर येतो. बसलाय आपला."

घरच्या चौघांनी तात्यांकडे बघितलं. संदेशने बघितलं, कारण बाकीचे बघत होते.

तात्या पाण्याकडे वळले, मग गाळाकडे वळले. तोंड चुकवायला जागा नव्हती. समोर पाणी, मागे गाळ. ते म्हणाले, "मी देव आणलाच न्हाय."

राम जॅकेट उचलता उचलता थांबला.

"मला पवता येत न्हाय. मी भ्यालो. आपल्या देवळातला त्यो धरणाच्या हद्दीचा दगड हाय. बुडाला आकडा हाय त्याच्या. मी रस्त्याकडंनं उचलला."

हे सांगायला माणसाला किती बळ लागलं असेल याची कल्पना करा. आणि आता ऐका घरच्यांनी काय केलं ते. सृष्टीने त्यांचा हात हातात घेतला आणि लहान मुलाला समजवावं तशी म्हणाली, "तात्या, भ्या वाटतंय ना? मला ठाव हाय. ह्ये जॅकेट घातलं की माणूस बुडत न्हाय. बगा, हितं क्लिप हाय."

"अगं मी खरं सांगतूय!"

"तात्या," राम दुखावून म्हणाला, "बसायचं नसंल तर नगा बसू, हितं सावलीला थांबा. पर त्यापायी देवाला खोटं पाडू नगा. ह्या वयात शोभत न्हाय."

आयुष्यात एकदाच खरं बोलायची हिंमत केली, तर ती थाप ठरली. तात्या तोंडात मारल्यासारखे उभे राहिले.  लुगड्यावरून नारिंगी जॅकेट चढवून नकोशी भावाकडे बराच वेळ बघत होती.

"म्हस्क्या, यतूयस का थांबतूयस?" एवढंच तिने विचारलं.

थांबता आलं असतं. झाडाखाली बसून चहा पिता आला असता. पण काठावर एकदा बसून झालं होतं, आणि त्या बसण्याचं काय झालं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. हे लोक परत येईपर्यंतचे चार तास आपण ह्या गाळात जिवंत राहणार नाही, असं त्यांना अगदी खरंच वाटलं. ते म्हणाले, "यतू," आणि संदेशच्या खांद्याला धरून होडीत चढले. 

पहिली दोन बेटं तात्यांनी बघितलीच नाहीत. डोळे घट्ट मिटून त्यांनी दोन्ही हातांनी फळी पकडून ठेवली होती. विजयमाला मात्र एकेक पक्षी मोजत होती. हे पक्षी झोपलेले नाहीत, हे तिने रामला दोनदा सांगितलं. एका बेटापाशी संदेशने इंजिन बंद केलं आणि इतकी शांतता झाली की होडीच्या बुडाला लागणारं पाणी ऐकू आलं. सृष्टी म्हणाली, "आईशपथ, किती भारी!" तात्या मनातल्या मनात बिरोबाचा धावा करत होते. कुठल्या बिरोबाचा, हा प्रश्न त्यांना अर्ध्या वाटेत पडला आणि धावा तिथेच थांबला.

तिसऱ्या बेटाला होडी टेकली. नकोशी कुणाचा हात न धरता उतरली, गुडघे विसरून तरातरा चढली आणि वाकून घुमटीत शिरली. मागोमाग राम गेला. आत शेवाळ्याचा वास होता. मध्ये गाळात रुतलेला एक काळा, घागरीएवढा गोल दगड होता. त्याच्यासमोर नारळाच्या करवंट्या होत्या, दुसरं काही नाही.

नकोशीने पदराने दगडावरचा गाळ पुसला. मग डोळे मिटून त्याच्या डोक्यावर हात फिरवला, आणि मागच्या बाजूला एका खळग्यात तिचं बोट जाऊन बसलं.

"ह्यो," ती म्हणाली. "हितं मी हळद भरायची. माजं बोट बराबर बसायचं हितं. ह्योच त्यो."

घुमटीबाहेर सगळे ऐकत होते. जत्रेत सांगितलेलं खोटं आणि काठावर सांगितलेलं खरं, हे आता सगळ्यांना कळलं.

"मग मगर?" रामने विचारलं. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मगर तरी हुती का?"

"न्हाय," तात्या म्हणाले.

"मग आमी उपास कुणाचं धरलं?" विजयमाला खाली बसली. "मुलगी सोळा दिस तापानं फणफणली तवा मी अनवाणी फेऱ्या घातल्या, त्या कुणाला घातल्या?"

"अगं त्ये सोड, ह्यो राम नवसाचा हाय!" नकोशी घुमटीतून बाहेर येत कडाडली. "त्याच दगडाला तुज्या सासूनं पाळणा वाहिला हुता!"

"म्हंजी मी पाटबंधारे खात्याचा?" राम म्हणाला.

संदेशला हसू आलं ते त्याने पाण्याकडे तोंड करून जिरवलं. पण नकोशी हसत नव्हती. ती भावाच्या समोर येऊन उभी राहिली. डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज मात्र अगदी हळू होता.

"आई मराय लागली तवा आपुन तिचं अंथरूण त्या दगडाकडं तोंड करून टाकलं. त्याच्याकडं बगत बगत तिनं डोळं मिटलं. तू उशाला बसला हुतास, म्हस्क्या. तवाबी बोलला न्हाईस."

 "भ्यालो गं आक्का," ते म्हणाले. "पयल्यांदी बापाला भ्यालो. मग मानाला भ्यालो. मग जेवढी वर्सं गेली तेवढं भ्या वाढत गेलं." त्यांनी तिच्या पायाला हात लावला. नकोशीने पाय मागे घेतला नाही, पण त्यांना उठवलंही नाही.

मग तिने पदराने नाक पुसलं आणि रामला हाक मारली. "लेका, उचल. देव घरी न्यायचा."

"आन् त्या दुसऱ्याचं काय करायचं?" विजयमालेने विचारलं.

"त्यो ऱ्हाऊ दे शेजारी. एवढी वर्सं निवद खाल्लाय, तापबी उतरवलाय, आता त्याला कुठं हाकलायचा?"

"तुमचा देव हाय, न्या," म्हणत संदेशही वाकला; राम आणि त्याने गाळ उकरून तांदळा मोकळा केला आणि दोघांनी मिळून होडीपाशी आणला. तिथे संदेश थबकला.

"ह्ये सामान म्हणून न्यायचं का कसं?" त्याने विचारलं.

"सामान?" नकोशीच्या डोळ्यांतलं पाणी एका क्षणात आटलं. "माज्या देवाला सामान म्हणतोस?"

"तसं न्हाय मावशी. सामान आसंल तर खाली टाकू. पर देव म्हणताय तर जीव झाला. जीव झाला की जॅकेट पायजे, आन् सातवा जीव होडीत बसत न्हाय. देवाचं वजनबी बगा की, दोघांना उचलताना दम लागला. त्याला सोडून यतो, मग उरल्याला येक जण दुसऱ्या फेरीला नेतो."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. राम म्हणाला मी थांबतो. सृष्टी म्हणाली मी थांबते, मला फोटो काढायचेत. त्यांचं बोलणं चाललं असतानाच तात्यांनी आपल्या जॅकेटच्या क्लिपा काढायला घेतल्या. 

"मी ऱ्हातो," ते म्हणाले.

"तात्या, चारी बाजूंनी पाणी हाय," सृष्टी म्हणाली. "तुमाला—"

"मला दिसतंय की गं. माजी जागा त्याला द्या."

जॅकेट त्यांनी स्वतःच्या हाताने देवाला घातलं. गोल दगडाला ते काही केल्या बसेना, तेव्हा सृष्टीने पट्टे फिरवून घट्ट बांधलं. नारिंगी जॅकेटातला बिरोबा फळीवर बसला, एका बाजूला नकोशी, एका बाजूला विजयमाला. संदेशने इंजिनाची दोरी ओढली. होडी दहा हात गेल्यावर नकोशीने वळून बघितलं.

"म्हस्क्या!" ती ओरडली. "अर्धा तास हाय. सत्तेचाळीस वर्सं न्हाईत!"

होडीचा आवाज बारीक होत गेला आणि मग ऐकू येईना. तात्या घुमटीच्या दारात उकिडवे बसले. जिकडे बघावं तिकडे पाणी होतं, आणि वाऱ्याने ते सारखं बेटाकडे सरकल्यासारखं वाटत होतं. पाच मिनिटंही झाली नसतील, त्यांनी उभं राहून "राम!" अशी हाक मारली. मग "सृष्टे!" म्हणून मारली. मग घसा ताणून "आक्का!" म्हणून ओरडले. पलीकडच्या बेटावरचे पक्षी तेवढे उठले आणि पुन्हा बसले.

चौथी हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या मनात आलं, की त्या दिवशी पाणी दारापर्यंत चढलं तेव्हा आतल्यानेही अशीच हाक मारली असेल. काठावरच्या पोराला, नाव घेऊन. आणि ते पोर दगड खांद्यावर घेऊन पाठमोरं चाललं होतं. तात्यांनी तोंड मिटलं. ते आत गेले, देव उचलल्यावर उरलेल्या खड्ड्यापाशी बसले आणि मोठ्याने रडायला लागले. ऐकायला तिथे कुणी नव्हतं.